गाव क्रमांक सतरा येथील ज्वारीबाबत

प्रति,
मा. मुख्य सांख्यिकी अधिकारी (पीक अंदाज),
कृषी सांख्यिकी मुख्यालय, तिसरा मजला.

विषय : गाव क्रमांक १७ चे गेल्या हंगामातील ज्वारीचे आकडे रद्द करणे व त्यास जोडून एक विनंती.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे चालू महिन्याच्या चार तारखेचे अभिनंदनपर पत्र.
२) त्याच लिफाफ्यातून आलेले टंचाई यादीचे पत्र.
३) माझी यापूर्वीची तीन पत्रे, ज्यांची पोच मिळालेली नाही.

महोदय,

१. मी खाली सही करणार, मंडळ पीक निरीक्षक, अकरा वर्षांपासून या कार्यालयात कार्यरत आहे. येथे निरीक्षकांची नऊ पदे मंजूर असून भरलेले पद एक आहे, ते मी. हजेरीपटावर मीच सही करते आणि शेजारच्या ‘तपासले’ या रकान्यातही मीच करते. पत्र मीच लिहिते, मीच जावक नोंदवहीत चढवते आणि मीच टपालात टाकते. शिपाई निवृत्त झाल्यापासून दिवसभर कार्यालयात शब्द म्हणून पडत नाही. घरीही मी एकटीच असते. ही बाब विषयाशी संबंधित नाही, तरी पुढे तिचा संबंध येईल म्हणून नोंदवून ठेवते.

२. संदर्भ १ अन्वये आपण कळविले आहे की, गाव क्रमांक १७ ने ज्वारीचे हेक्टरी एकोणतीस क्विंटल उत्पादन घेऊन विभागात पहिला क्रमांक मिळविला, सबब तेथील दहा प्रगतशील शेतकऱ्यांची नावे सत्कारासाठी तातडीने पाठवावीत. नम्रपणे सादर करते की, दहा नावे पाठविणे शक्य नाही. त्या गावात एकच माणूस राहतो आणि तो पेशाने सुतार आहे.

३. गावातील बाकीची माणसे कामधंद्यासाठी शहरांकडे गेली, त्याला आता सात-आठ वर्षे झाली. शाळेला कुलूप आहे आणि कुलूपही गंजले आहे. सुतारबाबांचे वय शहात्तर. बायको वारली, मुलगा परगावी आहे, तो ‘येतो, येतो’ म्हणतो. विहिरीजवळ त्यांचा अर्धा एकराचा तुकडा आहे, त्यात ते ज्वारी पेरतात. पावसाने ताण दिला की घागरीने पाणी घालतात, पाखरे आली की दिवसभर डबा वाजवत उभे राहतात. तळहाताच्या फोडासारखे जपलेले पीक आहे ते. तसे पीक त्या गावाची वस्ती भरलेली असतानाही कोणी घेतले नव्हते.

४. हे पीक आपल्या पुस्तकात कसे आले, ते सांगते. मोजणीसाठी कोणते शेत घ्यायचे, याची चिठ्ठी आपल्याकडून येते. चिठ्ठीतल्या शेतात पीक नसेल तर पुढच्या शेतात जावे, असा नियम आहे. मी पुढच्या, त्याच्या पुढच्या असे करत दरवर्षी सुतारबाबांच्याच बांधावर पोहोचते. तिथे दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा चार खुंट्या ठोकून आखते, कापते, मळते, वाळवते, तोलते. गेल्या हंगामात चौदा किलो सहाशे ग्रॅम भरले. त्यावरून हेक्टरी एकोणतीस क्विंटल निघतात, हिशेब बरोबर आहे. सुतारबाबांची मात्र अशी समजूत आहे की, हजारो शेतांतून शासन दरवर्षी त्यांचेच शेत निवडते. “परत माझाच नंबर लागला की,” असे म्हणून ते चिठ्ठी, तीवरचा शेताचा क्रमांक न वाचताच, पत्र्याच्या पेटीत ठेवतात. सहा वर्षांच्या सहा चिठ्ठ्या त्या पेटीत आहेत. खरा प्रकार सांगायला माझी जीभ रेटली नाही.

५. आता माझी चूक. तक्त्यात ‘पेरणी क्षेत्र’ असा रकाना आहे. गाव भरलेले असताना तिथे ३१२ हेक्टर लिहिले जात होते. मी सहा वर्षे त्या रकान्यात ‘मागीलप्रमाणे’ असे लिहिले. हे अनवधानाने झाले नाही, मी समजून उमजून केले. ‘गाव उजाड’ असा शेरा मारला की गाव यादीतून वगळले जाते आणि त्या गावचे माझे तीन दौरे, म्हणजे पेरणीचा, कापणीचा आणि वाळल्या वजनाचा, बंद होतात. पहिल्या वर्षी शेरा मारण्यासाठी मी पेनाचे टोपण काढले होते. सुतारबाबा दोन कप विसळून चहा उकळण्याची वाट बघत बसले होते. मी टोपण लावले. पुढच्या वर्षी गेले तर त्यांनी माझ्यासाठी खुर्ची करून ठेवली होती, माझी उंची कमी म्हणून पायांना बेताची. महोदय, वर्षातले ते तीन दिवस सोडले तर “जेवलीस का?” असे मला कोणी विचारत नाही. कलम १ मध्ये जी बाब नोंदविली, तिचा संबंध तो हा.

६. एवढ्यावर राहते तर एका मेलेल्या गावाची ज्वारी कागदावर पिकली, असे म्हणून सोडता आले असते. पण मंडळातील उरलेली बावीस गावे रिकाम्या आठ पदांच्या वाटणीची आहेत, तिथे मोजणीला जायला माणूसच नाही. तिथले रकाने कोरे जातात आणि मुख्यालयात कोऱ्या रकान्यात मंडळाचा ‘उपलब्ध आकडा’ भरतात. उपलब्ध आकडा एकच आहे. शितावरून भाताची परीक्षा करतात हे मलाही मान्य आहे, पण इथे शीत एका पातेल्यातले आणि भात बावीस घरचा. गेल्या हंगामात त्या बावीस गावांत पीक गुडघ्याच्या वर गेले नाही आणि आपल्या पुस्तकात तिथे हेक्टरी एकोणतीस क्विंटल ज्वारी आहे. म्हणून संदर्भ २ अन्वये त्यांना टंचाईचे बियाणे आणि चारा नाकारण्यात आला.

ते पत्र वाचून मी रजा टाकून तीन गावे फिरले. गोठ्यांत दावणी रिकाम्या. एक बाई चुलीसाठी शेतातली धाटे उपटत होती, कणसे नव्हतीच. तिने मला एवढेच विचारले, “आमच्या शेतात मोजायला आलं होतं कोण?” चौकशी करून सांगते, असे मी म्हणाले आणि मान खाली घालून परत आले. चौकशी कोणाची करायची होती, ते मला ठाऊक होते.

७. टंचाई यादी महिनाअखेर बंद होते. तत्पूर्वी गाव क्रमांक १७ चे आकडे रद्द करावेत आणि त्यावरून भरलेले बावीस गावांचे आकडेही रद्द करावेत. माझ्यावर जी कारवाई योग्य वाटेल ती करावी, माझी हरकत नाही. करणार कोण, हा प्रश्न आहे. माझी वरिष्ठ म्हणून इथे मीच सही करते.

८. हा अर्ज लिहिण्याआधी मी सुतारबाबांना सगळे सांगायला गेले. निवडीची गोष्टही सांगितली. त्यांनी एकदा पेटीकडे बघितले. मी म्हणाले, गाव यादीतून गेले तरी मी सुट्टीच्या दिवशी येत जाईन. त्याला त्यांनी साफ नकार दिला. कामाला आलेल्या माणसाला चहा देता येतो, कीव करून आलेल्याला काय द्यायचे, असे त्यांचे म्हणणे पडले. मग बराच वेळ ते एक खुंटी तासत बसले आणि मला रडू आवरेना, हेही लपवत नाही. शेवटी खुंटी खाली ठेवून ते म्हणाले, “पोरी, खरं आहे ते लिही. पण शून्य लिहिलंस तरी ते दरवर्षी कोणीतरी येऊन बघायला नको का? न बघता लिहिलं, म्हणून तर हे सगळं झालं.”

९. या मुद्द्याला नियमपुस्तिकेत उत्तर नाही, मी दोनदा वाचून पाहिली. सबब विनंती करते की, गाव क्रमांक १७ यादीतून वगळू नये. त्याचे खरे क्षेत्र शून्य पूर्णांक वीस हेक्टर आहे. तक्त्यात पूर्ण हेक्टरच लिहितात, त्यामुळे सुतारबाबांचे अख्खे शेत शासनाच्या लेखी शून्य होते, त्याला इलाज नाही. परंतु ते शून्य दरवर्षी जागेवर जाऊन, टेप लावून मोजण्याचे आदेश मला लेखी मिळावेत. प्रवासभत्ता नको. टेपचे एक टोक मी धरीन, दुसरे धरायला तिथे माणूस आहे. आदेशावर गावाचा क्रमांक आणि आपली सही ठळक असावी, कारण तो कागद पेटीत ठेवला जाणार आहे.

१०. बावीस गावांचे काम आधी व्हावे. माझी विनंती त्यानंतर वाचली तरी चालेल. नाही म्हणायचे असले तर तसे कळवावे, पण या वेळी उत्तर यावे.

आपली नम्र,
(सही)
मंडळ पीक निरीक्षक
दिनांक : १९, चालू महिना

सोबत :
१) गाव क्रमांक १७ चा दुरुस्त तक्ता, एक प्रत. ‘मागीलप्रमाणे’ हा शब्द खोडून समोर सही केली आहे.
२) तीन गावांतील पाहणीची टिपणे.
३) मोजणीचे साहित्य, गाव वगळल्यास जमा करावे लागते म्हणून : तागडी एक, लाकडी खुंट्या तीन. टेप आदेश येईपर्यंत माझ्याकडे ठेवली आहे. चौथी खुंटी जमा करता येत नाही. सुतारबाबांनी ती माझ्यादेखत शेताच्या कोपऱ्यात ठोकली आहे, पुढच्या वर्षी मला कोपरा शोधत बसावे लागू नये म्हणून.