सतरा नंबरचा बिल्ला

७ एप्रिल, मंगळवार
सकाळी कॉलेजातून फोन. नवीन लेफ्टनंट बाई. नेव्हीचे ऑफिसर घडवणाऱ्या आमच्या कॉलेजाचा इतिहास छापणार आहेत. त्यातलं बोट शेडचं प्रकरण मी लिहायचं, कारण त्या काळी शेड सांभाळणारा पेटी ऑफिसर "हयात असलेले तुम्हीच, सर". हयात शब्द बाईंनी जपून टाकला. महिनाअखेर कागद पाहिजेत.
समुद्र सोडून मिरजगावला आलो त्याला बारा वर्षं झाली. इथे पाणी टँकरने येतं. सौ. म्हणाली, "लिवा की. न्हाईतरी दिवसभर माज्या मागं मागं अस्ता."

१० एप्रिल
बिल्ल्यांच्या फळ्यापासून सुरुवात केली. ते लिहायला सोपं. समुद्रावर जाणाऱ्या कॅडेटने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला हुकावरून काढून गळ्यात घालायचा, परतला की त्याच हुकावर अडकवायचा. हूक रिकामा म्हणजे माणूस पाण्यावर. संध्याकाळी निशाण उतरवताना फळा भरलेला पाहिजे. नसेल तर हूटर, आणि सगळ्या बोटी शोधायला बाहेर.
चार पानं झाली. अक्षर अजून बरं आहे.

११ एप्रिल
सतरा नंबरपाशी अडलो. चहा तीन वेळा.

१३ एप्रिल
बाईंनी जुन्या इतिहासातलं पान मोबाईलवर पाठवलं, "संदर्भासाठी". त्यात एकच ओळ: कॅडेट क्र. १७ बोटीवरून परतल्यावर कॉलेजातून फरार झाला.
फरार. दत्ता, काष्टीचा. आपल्या जिल्ह्यातला म्हणून मला "अण्णा" म्हणायचा, साहेब होणार होता तरी.

१४ एप्रिल
ट्रंक उघडली. नंबर रद्द झाल्यावर फळ्यावरचा १७ मी गुपचूप उचलला होता, तो मोज्यात गुंडाळून तळाशी ठेवलेला. चाळीस वर्षांत तीनदा पाहिला असेल. आज मोजा ओला. ट्रंकेतलं बाकी सगळं कोरडं, कागदसुद्धा.
सौ.ने बोट लावून जिभेवर ठेवलं. "खारट हाय. काय सांडलंय ह्यात?"
म्हटलं, औषधाची बाटली. घरात औषधाची बाटलीच नाही, हे तिला ठाऊक आहे.

१६ एप्रिल
मोजा वाळत घातला. एवढं ऊन आहे की पापड करपावेत. दुपारी ओला. संध्याकाळी ओला.

१७ एप्रिल
आज लिहून काढतो. छापायला नव्हे, इथे.
त्या संध्याकाळी निशाणाला पाच मिनिटं कमी होती. सतराचा हूक रिकामा. बिल्ला बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर पडलेला दिसला, दोरी तुटलेली. दत्ता वेंधळा. बिल्ला न लावता जेवायला जाऊन दोनदा शिक्षा खाल्लेली. तिसऱ्यांदा नाव गेलं असतं तर घरी पाठवला असता. वाटलं, पुन्हा विसरलं बेणं. आपल्याकडचं पोरगं, घरी कशाला जाऊ द्या. उचलला आणि मीच अडकवला. फळा भरला. फळा भरला की बोटी कोण मोजतो? हूटर वाजला नाही.
बोट दुसऱ्या दिवशी खडकापाशी रिकामी सापडली. चौकशीत ठरलं, बिल्ला हुकावर आहे म्हणजे माणूस परतला, बोट मागाहून सुटली असेल, तो पळाला. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही. बढती नवी होती, लग्न ठरलं होतं. कारणं भरपूर आहेत, उपयोग एकाचाही नाही.
समुद्रात गेलेल्यांची नावं कॉलेजाच्या दगडावर आहेत. त्याचं नाही.

२० एप्रिल
छापायची प्रत पूर्ण केली, त्यात जुनीच फरारची ओळ. मग दुसरी प्रत केली. खरी. पाकिटात घातली, चिकटवली नाही. आधी त्याच्या आईला सांगितलं पाहिजे. आहे अजून, काष्टीलाच. सौ.ला काल सगळं सांगितलं. म्हणाली, "म्हंजी लगीन ठरलं तवा बी हे मनात घिऊन बोलत हुता व्हय माज्याशी." बरोबर आहे तिचं.

२३ एप्रिल
काष्टी. घर बाजारतळाच्या मागे. थोरला मुलगा वारला, त्याची बायको सांभाळते. म्हातारी ताठ बसलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, कान शाबूत. ताट झाकून ठेवलेलं. दुपारचे चार, तरी.
सांगितलं सगळं. बिल्ला कुठे सापडला, कुणी अडकवला, आता कागद पाठवून दगडावर नाव लावून घेणार, हेही. रडलो. तिने ऐकून घेतलं.
"म्हंजी त्यो पळाला न्हाई."
"नाही मावशी. तो परत आलाच नाही."
"मंग रोज दिवेलागनीला जेवून जातो त्यो कोन?"
सुनेकडे पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "ताट रिकामं असतंय. मी ईचारत न्हाई." उंबऱ्याला आतून पांढरा फेर होता, भरतीचं पाणी ओसरल्यावर मिठाची रेघ राहते तसा.
म्हातारी म्हणाली, "त्यो म्हनतो, आये, पळून आलोय, कुनाला सांगू नगंस. मी आजवर न्हाई सांगितलं. ते कागद नगा धाडू. दगडावर नाव लागलं की यायचा न्हाई त्यो."
बिल्ला मागून घेतला. दाराजवळच्या खिळ्याला हाताने चाचपून अडकवला.

२४ एप्रिल
मोजा वाळला.

२६ एप्रिल
बाईंचा फोन. "सर, तीसच्या आत." म्हटलं, पाठवतो. कोणती प्रत ते म्हटलं नाही. खरी पाठवली तर म्हातारीचं ताट भरलेलं राहील. खोटी पाठवली तर पोरगा पुस्तकात पुन्हा फरार. आणि मला दोन्हीची भीती वाटते.

२९ एप्रिल
संध्याकाळी साडेसातला सुनेचा फोन. मागे म्हातारीचा आवाज, घाईचा. सून म्हणाली, "अण्णा, आज त्यो जेवाया आला न्हाई. आन आत्या ईचारतात, खिळ्यावरचा बिल्ला कुटं गेला? मी न्हाई काढला. रिकामा खिळा म्हंजी काय?"
अण्णा कुणी सांगितलं हिला?
उत्तर चाळीस वर्षं पाठ होतं. म्हटलं, "म्हणजे माणूस पाण्यावर आहे. शोधायला निघायचं असतं."
पलीकडे म्हातारी म्हणाली, "मंग निगा की."
सौ.ने खऱ्या प्रतीचं पाकीट हातात आणून दिलं आणि कॉलेजाकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीची वेळ विचारली. पाकीट चिकटवलेलं नाही. डिंक टेबलावर आहे.