खाडीत गेलेली गाडी

बाबा, तुझी गाडी सुरू झाली. पहिल्या दोन किका मी मारल्या, पण गाडीऐवजी माझा गुडघाच कुरकुरला. तिसरी मेकॅनिकने मारली आणि पोयनाडच्या त्याच्या गॅरेजमध्ये एवढा निळा धूर झाला की शेजारचा चहावाला फडकं हलवत बाहेर आला. मी मात्र त्या धुरात तोंड घालून उभी राहिले. तुझ्या शर्टाला यायचा तोच वास, पेट्रोल आणि ऑइल एकत्र जळल्याचा. छप्पन्न वर्षांची बाई, अलिबागला कचेरीत मोठ्या टेबलामागे बसणारी, आणि डोळे पुसतेय. मेकॅनिकला वाटलं धूर गेला डोळ्यांत. मीही हो म्हटलं.

तुझ्यामागे गाडी पडवीत पडून होती. आईने तिच्यावर जुनं जाळं टाकलं होतं आणि त्या जाळ्यावर ती बोंबील वाळत घालायची, म्हणजे मांजरांची सोयच झाली होती. आई गेली, मग त्या मोठ्या वादळात पडवीवर माड पडला, तरी गाडीचं वाकलं ते फक्त मागचं मडगार्ड. आताची पोरं असल्या दोन स्ट्रोकच्या गाड्यांसाठी वेडी झाली आहेत. फोनवर त्यांचे ग्रुप आहेत, कुणी कार्ब्युरेटरचा फोटो टाकतं, कुणी नुसता आवाज. मीही त्यात शिरले. 'काकू, तुमच्याकडे ओरिजिनल टाकी आहे?' असं एकाने विचारलं तेव्हा मी एवढी फुशारले की जणू टाकी मीच ओतली होती. पिस्टन कोल्हापूरहून आला, रिंगा पुण्याहून. रंग मात्र मी कुणाला निवडू दिला नाही. सीटखाली एक पट्टी ऊन न लागता राहिली होती, त्या पट्टीवरून मिळवला.

इंजिन उघडल्यावर मेकॅनिक म्हणाला, 'ताई, समुद्राकाठची गाडी आहे, पण आतून खाल्लेली नाही. कुणीतरी जिवापाड सांभाळली आहे.' मी म्हटलं, आमच्या घरात माणसांना एवढं सांभाळलं नाही. हसला तो. पण खोटं नव्हतं ते. पावसाळ्यात प्लग भिजला की तू तो काढून सरळ आईच्या चुलीशी आणायचास, तव्याच्या कडेला ठेवून शेकायचास. आई म्हणायची, 'पलग खाशील का भाकरी खाशील ते यकदा सांग.' तू म्हणायचास, 'भाकरी करपली तं चालंल, पलग करपला तं कामावर कोन न्हेल?' तिच्या भाकरीला पेट्रोलचा वास यायचा आणि आम्ही भावंडं नाक धरून जेवायचो. सायलेन्सरच्या नळीत काजळी साचली की तीही तू चुलीत घालायचास. लाल झाली की चिमट्याने अंगणात. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांच्याच घरात असा स्वयंपाक होतो.

पण हे सगळं मी गोड गोड लिहितेय ते मूळ गोष्ट टाळायला. तू असतास तर म्हणाला असतास, नांगर उचल आता.

आपलं घर रेवसच्या बाजूला आणि तुझं काम खाडीपलीकडे करंजाला, होड्यांची मशीनं दुरुस्त करायचं. रोज सकाळी गाडी लाँचवर चढवायची, पलीकडे उतरवायची. लाँचचा तांडेल तुझा लहानपणापासूनचा दोस्त. एका ताटात जेवलेले तुम्ही. मी त्यांना तांडेलकाका म्हणायचे. त्यांनी मला पोहायला शिकवलं, कारण तुला वेळ नव्हता. धक्क्यावर तुमची भांडणंसुद्धा लोक थांबून ऐकायचे, इतकी ती रंगायची.

तो दिवस तुला आठवण करून द्यायला नकोच. उरणला आतेबहिणीची हळद. मी सतरा वर्षांची, आईची अबोली साडी पहिल्यांदा नेसलेली, पायात नव्या चपला, आणि रुबाब विचारू नकोस. सुकती लागलेली, पाणी ओसरलेलं, त्यामुळे लाँच धक्क्याच्या पार खाली गेलेली आणि धक्क्यावरून लाँचवर टाकलेली फळी छातीवर येईल इतकी उभी. तू पुढे हँडल धरून उलटा उतरतोयस. तांडेलकाका वर धक्क्यावर, कॅरिअरला बांधलेली दोरी हातात. एरवी ते दोरीचा एक वेढा खुंट्याला द्यायचे, त्या दिवशी माणसं खोळंबलेली म्हणून दिला नाही. आणि मी मागून कॅरिअर धरलेली. मला तू दोनदा सांगितलंस, 'सोडू नको.' मी म्हटलं, 'न्हाय सोडत.'

मग सायलेन्सरच्या सांध्यातून ऑइलचा एक काळा थेंब माझ्या निऱ्यांवर पडला. दुसरा पडायच्या आत मी निऱ्या मागे ओढल्या. दोन्ही हातांनी.

बस्स, एवढंच झालं. गाडी एका बाजूला कलली, तू अंग चोरून लाँचमध्ये उडी मारलीस, दोरी तांडेलकाकांच्या हातातून सरसरत गेली आणि गाडी फळीवरून खाडीत. काका ओरडले, 'सुटली रं!' ते स्वतःच ओरडले, म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडेच बघितलं. त्यांच्या तळहाताची साल निघाली होती. आणि तू, चिखलात रुतलेल्या गाडीकडे बघत, सगळ्या उतारूंसमोर म्हणालास, 'यक दोरी धरवत न्हाय तुज्यानं? कसला तांडेल रं तू? जाळं इनत बस घरात.'

तांडेलाला हे असं, भर धक्क्यावर, त्याच्याच लाँचसमोर. ते सोललेल्या हाताची मूठ करून उभे राहिले. मी बोलू शकत होते. माझ्यापासून ते चार पावलांवर होते. मी साडीवरचा डाग बघत राहिले, आणि मग डाग पदराखाली लपवला.

पुढचं सगळं गाव अजून हसून सांगतं. भरती लागायच्या आत पोरांनी गाडी ओढून काढली. सगळे म्हणाले उन्हात ठेव, सुकव. तू म्हणालास, 'खाऱ्यातनं काढल्याला मशीन वारा लागला का मेला.' हातगाडीवर घालून ती थेट गावच्या गोड्या तळ्यावर नेलीस आणि दोरखंडाने पाण्यात सोडलीस, हँडलसकट. दोन दिवस गाडी तळ्यात. बायका धुणं घेऊन आल्या त्या कमरेवर हात ठेवून उभ्या. एकजण म्हणाली, 'म्हशी संपल्या, आता गाडीला बुडवतंय.' तू काठावर पहारा देत बसलास. तिसऱ्या दिवशी गाडी वर काढलीस आणि संध्याकाळपर्यंत इंजिनाचा एकेक तुकडा ऑइलच्या डब्यात होता. चौथ्या दिवशी गाडी चालू. होडीच्या मशीनची विद्या तू मोटारसायकलला लावलीस. मेकॅनिकला हे सांगितलं तेव्हा त्याने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, 'म्हणून आतून खाल्ली नाही.'

गाडी वाचली. पण त्यानंतर तू लाँचवर पाय ठेवला नाहीस. डोळ्यांसमोर दिसणाऱ्या पलीकडच्या धक्क्यावर जायला तू पोयनाड, पेण करत अख्खा वळसा घालू लागलास. रोज परवडेना म्हणून सोमवारी जायचास आणि शनिवारी यायचास. आठवड्यातले पाच दिवस तू घरात नाहीस, ही माझ्या निऱ्यांची किंमत. आई म्हणायची, दोन म्हातारे होऊ घातलेले पुरुष, पण शाळेतल्या पोरांसारखी कट्टी. मी ताटावर मान खाली घालून जेवायचे. पहिल्या आठवड्यात सांगणं सोपं होतं. महिन्याने अवघड झालं. वर्षाने तर असं वाटू लागलं की आता सांगितलं तर मूळ चुकीपेक्षा न बोलल्याचाच गुन्हा मोठा होईल. मग लग्न, नोकरी, पोरं. गोष्ट आपोआप विरेल असं धरून चालले. खाडीतली गोष्ट कुठे विरते? सुकती लागली की दिसतेच.

शेवटच्या दुखण्यात तू ओटीवरच्या खाटेवर पडून असायचास. धक्क्यावरून भोंगा ऐकू आला की विचारायचास, 'लाँच लागली काय गं?' मी म्हणायचे, लागली. तू पुढे काही विचारायचा नाहीस. पण दाराकडे बघत राहायचास. बाबा, मला कळत होतं तू कुणाची वाट बघतोयस. मला चांगलं कळत होतं. मी फक्त उशी नीट केली.

तुझ्या मातीला सगळी खाडी लोटली, तांडेलकाका आले नाहीत. लोक म्हणाले, काय हा राग. मीही म्हटलं. म्हणजे बघ, माझी हद्द कुठवर गेली होती.

तर काल मी गाडी घेऊन रेवसला गेले. अलिबागपासून तिथवर मी चालवली, हो, तुझ्या मुलीने. दुसऱ्या गिअरलाच जास्त, पण चालवली. लाँचवर आता नवी माणसं आहेत, त्यांनी गाडी पटकन चढवली. करंजाला तांडेलकाका आपल्या घराच्या ओटीवर सुकट निवडत बसले होते. ऐंशीच्या पुढे गेलेत, नजर अधू झाली आहे. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हाच त्यांचे हात थांबले. मी बंद करून खाली उतरले तर म्हणाले, 'ह्यो आवाज मना ठाव हाय. कोन हाय?'

मी नाव सांगितलं. ते उठले, भिंतीला धरत अंगणात आले आणि टाकीवरून हात फिरवला. बराच वेळ. मग म्हणाले, 'तुज्या बापासला तोंड दावायचं ऱ्हायलं बग. त्याच्या मातीला न्हाय आलू. माज्या हातानं त्याची गाडी बुडाली, मी कंच्या तोंडानं येऊ? तो म्हनाला ते खरंच व्हतं. खुंट्याला येढा द्याला पायजे व्हता.'

तो राग नव्हता, बाबा. लाज होती. इतकी वर्षं तो माणूस माझी लाज स्वतःच्या अंगावर घेऊन बसला होता. आणि तू त्याची वाट बघत गेलास.

मी सांगितलं. सगळं, निऱ्यांसकट. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, पोर व्हतीस. खरं सांगते, मी तेच ऐकायला गेले होते. ते टाकीवरचा हात काढून म्हणाले, 'तवा पोर व्हतीस. मंग? मंग तं मोठी झालीस ना? तो जित्ता व्हता तवा.'

ते ओटी चढून आत गेले. सुनेने चहा आणला, मी समोर ठेवून बसले. तिने दोनदा आत जाऊन बघितलं आणि बाहेर येऊन माझी नजर टाळली. चहावर साय धरली. शेवटच्या लाँचची वेळ झाली तेव्हा मी उठले.

तू असतास तर कानाखाली वाजवली असतीस, आणि मग स्वतःच गाडी काढून करंजाला गेला असतास. तू नाहीस, म्हणून कागद. कुठल्या पेटीत टाकायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. ग्रुपवरच्या पोरांना, कचेरीत, गल्लीत, सगळ्यांना मी सांगत फिरले की वडिलांची आठवण म्हणून गाडी उभी केली. लोकांनी कौतुक केलं, ते मी घेतलंही. खरं तेवढं तुला सांगते. मला तांडेलकाकांच्या दारात जायला निमित्त हवं होतं. रिकाम्या हाताने उभं राहायची छाती नव्हती.

रविवारी पुन्हा जाणार आहे. गाडी घरीच ठेवून.