हाताचा गुण

रामटेक, रविवार

प्रिय रजत,

रितिकाला माझ्याकडे ठेवून निघालेली प्रीती काल सुखरूप वाडीला घरी पोहोचली ना? तुझी लेक इथे मजेत आहे असं मी फोनवर म्हटलं, ते तितकंसं खरं नव्हतं. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तू हसवतोस आणि माझा मुद्दा राहून जातो. म्हणून लिहिते आहे.

लकडगंजच्या घरातली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर आठवते तुला? दिवसभर पत्ते. आई चहा करकरून थकायची आणि बाबा बैठकीतून हाक मारायचे, "रजत, ये गा, पत्ता उचल! माह्या पोराच्या हाताले गुण हाये." तू पाच वर्षांचा, त्यांच्या मांडीवर बसून पान उचलायचास. डाव लागला की शालिकरामकाका तुला खांद्यावर घेऊन नाचायचे. एकदा हौसेनं मी पान उचललं आणि बाबा हरले. "इले कोणं बसवलं वं?" म्हणून आईवर ओरडले, आणि मला उठवलं ते कायमचं. मेघानं पत्त्याला कधी हात लावला नाही म्हणून नातेवाईक माझं कौतुक करतात. कसलं कौतुक! बसू दिलं असतं तर मीही बसले असते. त्या मांडीसाठी मी जळायचे रे.

एरवी बाबा लाकूड कापायच्या आरा मशीनवरून यायचे ते भिंतीकडे तोंड करून निजायचे. तुला जवळ घेतलेलं मी फक्त डावावरच पाहिलं. हरले की मात्र तुझ्याशी बोलणं बंद. मग तू त्यांच्या चपला पुसून दाराशी ठेवायचास. मोबाईलवरच्या त्या खेळापायी तुझी गाडी गेली, प्रीतीच्या बांगड्या गेल्या, तरी मला तुझा धड राग करता आला नाही. तुला कुणी जुगारी म्हटलं की मला चपला पुसणारं ते पोर दिसतं आणि रडू येतं.

पण आता राग आला आहे. परवा रितिकाच्या केसांना तेल लावत होते, तर ती खाली बघत म्हणाली, "आत्या, बाबा माह्या बोटानं मोबाईल दाबते. त्या दिवशी हरले, तं माह्याशी बोललेच नाही. मले घरी येऊ देतीन का?" रजत, सहा वर्षांची आहे रे ती! मी खूप समजावलं, तिला पटलं नाही. मंगळवारी तिला पाठवायचं ठरलं होतं, मी पाठवणार नाही. प्रीतीला सांगितलं आहे. ती रडली, पण हो म्हणाली. व्यसन सोडवणाऱ्या धंतोलीच्या डॉक्टरांकडे जायचं तू दोनदा टाळलंस, या वेळी मी सोबत येईन. पण त्याआधी इकडे ये. पोरीला समोर बसवून सांग, की मी हरलो ते तुझ्यामुळे नाही. आपल्या बाबांनी हे तुला कधीच सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत.

तुझीच,
मेघाताई