जोडी नसलेला पत्ता

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१३ डिसेंबर १९९८

प्रिय हमझा,

तुझं पत्र मिळालं. कंपनी आणखी दोन वर्षांसाठी करार पुढे न्यायला तयार आहे, सही करायची की नाही हे तू माझ्यावर सोडलंयस, आणि महिना संपायच्या आत कळव म्हणालायस. कळवते. पण आधी मला तुला पत्त्यांबद्दल सांगायचंय, म्हणजे खेळायच्या पत्त्यांबद्दल. कपाळाला हात लावू नकोस. इतिहासाच्या बाईशी लग्न केलंस, आता उत्तराच्या आधी पार्श्वभूमी ऐकावीच लागेल. आणि हो, तुझ्या आईचं (मीही आता त्यांना आपल्या हादियासारखं दादीच म्हणते) अजून तेच चालू आहे, की नवऱ्याला पत्रात 'तू' लिहिणारी सून अख्ख्या तळोज्यात दुसरी नाही. कॉलेजात ज्याच्या मागच्या बाकावर बसून ज्याची वही उतरवली, त्याला आता 'अहो' कुठून म्हणू?

तर पत्ते. जूनमध्ये मी पाचवीला सिंधू संस्कृती शिकवत होते आणि मुलं बाकाखाली कुस्तीगिरांचे पत्ते खेळत होती. कोणाची उंची किती, वजन किती, कोण किती कुस्त्या जिंकला, सगळं तोंडपाठ. मोहेंजोदडो मात्र सरळ लिहिता येईना. जप्त केलेल्या पत्त्यांनी माझा खण भरला. एकदा मधल्या सुट्टीत ते सहज चाळायला घेतले आणि मीच त्यात इतकी रमले की घंटा झाली तरी कळलं नाही. वाटलं, दोष पोरांचा नाही. आपण त्यांना जे देतो त्यात हातात धरायला, लपवायला, ओढून घ्यायला काहीच नसतं.

मग मी गुलामचोर काढला. तुला आठवतो ना? तीन गुलाम बाजूला ठेवायचे, शेजाऱ्याच्या हातातला पत्ता ओढायचा, जोड्या लावून खाली टाकायच्या, आणि शेवटी ज्याच्या हातात एकटा गुलाम उरेल तो चोर. तसाच हा. एका पत्त्यावर गोष्ट, दुसऱ्यावर तिचा पुरावा. सम्राट अशोक आणि सोपाऱ्याचा शिलालेख. सातवाहन राजा आणि त्याचं नाणं. हडप्पाचे लोक आणि पक्क्या विटांचं गटार. जोडी नसलेल्या एकमेव पत्त्यावर मी लिहिलं, 'ऐकीव गोष्ट'. तो ज्याच्या हातात उरेल तो थापाड्या. पहिला संच घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापून केला आणि फजिती झाली. मागच्या सोनेरी वेलबुट्टीवरून पोरांनी दुसऱ्याच दिवशी प्रत्येक पत्ता ओळखायला सुरुवात केली. अशोकाच्या पाठीवर कोणाच्या तरी वलीम्याच्या जेवणाचं आमंत्रण होतं. मग बाजारातल्या साडीच्या दुकानातून रिकामी खोकी आणली, तेव्हा कुठे खेळ सरळ झाला.

पुरावा कशाला म्हणायचं यावर वर्गात आठवडाभर भांडण चाललं. शेवटी मी सांगितलं, पुरावा म्हणजे माणसानं वापरून मागे ठेवलेली खूण. खोदकामात कोरा करकरीत घडा सापडला तर तो कुंभाराकडचा असेल, कोणी घेतलाच नसेल. पण तळाला काजळी धरलेलं, कान तुटलेलं मडकं सापडलं, की समजायचं, इथं कोणीतरी राहत होतं, जेवत होतं. हे पोरांना इतकं पटलं की विचारू नकोस. वरद नावाचा एक मुलगा आहे, त्याचे आजोबा तरुणपणी पनवेलची खाडी पोहून गेले होते म्हणे. पठ्ठ्यानं त्यांच्याकडे पुरावा मागितला. आजोबा रागावून जेवले नाहीत आणि त्याची आई शाळेत तक्रार घेऊन आली. जाई नावाची एक बारीकशी मुलगी तर उभी राहून म्हणाली, "बाई, अशोक चांगला होता हे त्या दगडावर त्यानीच लिहिलंय ना? मग तो पुरावा कसा?" मी अजून त्यावर विचार करतेय. तुला काही सुचलं तर सांग.

तक्रार ऐकून मुख्याध्यापिका स्मिताबाई खेळ बंद करायलाच वर्गात आल्या. मुलांनी त्यांना बाकावर बसवलं आणि पत्ते वाटले. बाई हट्टानं खेळल्या आणि शेवटी 'ऐकीव गोष्ट' त्यांच्याच हातात उरली. बाईंनी पत्ता उलटा करून पाहिला, परत सुलटा केला, आणि मला म्हणाल्या, "सातवीसाठी पण करा असा एक." वर्गाबाहेर गेल्यावर त्यांचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

हे सगळं घरी सांगायची मला सवय, आणि ऐकायला हादिया. तिसरीतली मुलगी, पण प्रश्न असे विचारते की मला पुस्तक उघडून बसावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत तिनं उरलेले पुठ्ठे मागून घेतले. आपल्या घरचा इतिहास करते म्हणाली. नियम माझेच, काटेकोर: पुरावा घरातलाच हवा, वापरलेला हवा आणि तिनं स्वतः पाहिलेला हवा. दोन दिवस घरभर फिरत होती. पलंगाखाली, माळ्यावर, गादीच्या खाली. मला गंमत वाटत होती. दादीची जोडी तिनं लावली त्या आपल्याकडे ठेवून जातात त्या, चुना लागून पांढऱ्या झालेल्या पानाच्या डब्याशी. माझी, खडूनं भरलेल्या पर्सशी. खालच्या मजल्यावरच्या नंदिनी काकूंनासुद्धा जोडी मिळाली, त्यांनी आणून दिलेल्या आणि आपण अजून परत न केलेल्या पातेल्याशी. तो पत्ता पाहिल्यावर ते आधी परत करून आले.

गेल्या रविवारी दादी तळोज्याहून आल्या होत्या. जेवण झाल्यावर आम्ही तिघी चटईवर बसून खेळलो. दादींना खेळ लगेच जमला. माझ्या हातातून पत्ता ओढताना त्या माझ्या डोळ्यांकडे बघतात, हे तुला माहीतच असेल. जोड्या पडत गेल्या आणि शेवटी दादींच्या हातात एकच पत्ता उरला. हादिया टाळ्या वाजवून "दादी थापाडी" म्हणाली. दादीपण हसल्या. मग चष्मा वर करून त्यांनी पत्ता वाचला आणि माझ्याकडे सरकवला. त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'अब्बा'.

मी रागावले नाही. खरं सांगते, आधी मला कुतूहलच वाटलं, की हिनं शोधलं काय काय असेल. मी विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं, शांतपणे, परीक्षेत सांगतात तसं. कपाटातले तुझे शर्ट तिनं पाहिले, पण त्यांच्या घड्या मोडलेल्या नाहीत, कॉलरला टाचण्या तशाच आहेत. मिक्सर, ब्लँकेट, बोलणारी बाहुली, ही तर विकत आणलेली. तुझी पत्रं परदेशात लिहिलेली, म्हणजे घरातली नव्हेत. फोटोचं म्हणशील, तर दुकानातल्या फ्रेममध्येही फोटो घालूनच मिळतो. मागच्या वेळी तू आला होतास तेव्हा ती चार वर्षांची होती. त्यातलं तिला काय आठवतं आणि आम्ही सांगितलेलं काय, हे तिचं तिलाच वेगळं करता येईना. त्यानंतरची तुझी सुट्टी रद्द झाली. "मी खूप शोधलं गं मम्मी," म्हणाली.

दादी उठल्या आणि पिशवीतून आपलं जुनं पाकीट काढलं. त्यात तुझ्या बालवाडीतला, एक डोळा गेलेला लाकडी घोडा आहे, मला तोवर माहीत नव्हतं. मीही चेव येऊन ट्रंक उघडली आणि कॉलेजमधली तुझी ती शाई गळणारी पेनं काढली, मागची टोकं चावलेली. हादियानं दोन्ही वस्तू नीट पाहिल्या, घोड्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. म्हणाली, "घोडा आहे तो दादीच्या मुलाचा पुरावा. आणि पेन तुझ्या हमझाचा. माझ्या अब्बाचा कुठाय?" हमझा, इतकी वर्षं शिकवतेय, पण इतका चोख प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. दादी तोंडाला पदर लावून बाल्कनीत जाऊन उभ्या राहिल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

नंतर पत्ते आवरताना पाहिलं, तिनं एक कोरा पुठ्ठा त्याच मापाचा कापून डब्यात ठेवलाय. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, पुरावा मागाहूनही सापडतो, तूच शिकवलंस ना. 'अब्बा'च्या पत्त्याला लागूनच ठेवलाय.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सही करू नकोस. मला माहीत आहे, हॉलला ग्रिल लावायचं राहिलंय, तुझ्या डोक्यात मोठं घर आहे, आणि इथली नोकरी तिथल्यासारखी नसेल. खांदेश्वरला गाडी सुरू झालीय, कुठेही जाऊन काम करता येईल. माझा पगार आहे, आपण भागवू. रमजान आठवड्यावर आलाय, तुझा करार जानेवारीत संपतोय, म्हणजे ईदला तू घरी असू शकतोस. येताना बॅगा भरून काही आणू नकोस. ते शर्ट घाल आणि त्यांच्यावर चहा सांड. ओला टॉवेल पलंगावर टाक, माझ्या चांगल्या कपांपैकी एकाचा कान तोड, दाराशी चपला वाटेल तशा काढ. मी बोलणार नाही. एक मुलगी घरभर शोधतेय, तिला काहीतरी सापडू दे.

तुझीच,
तस्नीम