प्लेनोच्या स्टीमबोटीतल्या तिसऱ्या

प्लेनो, टेक्सास
दिवाळीनंतरचा रविवार

ती. नाथादादा यांस,

नीलाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनातल्या मनात. इथले गालिचे मऊ आहेत, वाकायला हरकत नाही, पण एकदा वाकले की मला उभं करायला अंकुरला ऑफिसातून बोलवावं लागतं.) तुझा खोकला गेला का, गुरवाने नारळ पाडून दिले का, आणि ऋषी रविवारी चिपळूणहून बापाला भेटायला येतो की नुसता फोन करतो, हे सविस्तर कळव. फोनवर विचारलं की तू "बरं आहे" एवढंच म्हणतोस आणि "अंकुरला दे" म्हणतोस, जणू मी टेलिफोन एक्स्चेंजमधली बाई. म्हणून हे पत्र. पत्र आलं की तू पडवीत खुर्ची ओढून ते दोनदा वाचतोस, हे मला ऋषीने सांगितलंय. माझं इथे सगळं झकास आहे.

तर कारण असं, की वहिनी होती तेव्हा तुम्हा दोघांचं इकडे यायचं ठरलं होतं, आणि तुझा एकच प्रश्न होता, तिकडे खायचं काय? त्याचं उत्तर परवा मिळालं. पण त्याआधी घरची हकीगत सांगायला हवी, नाहीतर तू म्हणशील, घर सोडून हॉटेलात का गेलात. हिमानी, तुझी भाचेसून, गुणी मुलगी आहे. नागपूरची असून (त्यांच्याकडे मासा म्हणजे तळ्यातला, आणि तोही पाहुणे आले तर) माझ्या खाण्याचं तिने कधी वावडं मानलं नाही. पण गणपती गेल्यावर एका दुपारी मी सुके बोंबील भाजले. इथल्या घरांत थंड हवेचं यंत्र एकच असतं, ते एका खोलीतली हवा ओढतं आणि सगळ्या खोल्यांना सारखी वाटतं. माझे बोंबीलही त्याने कुणावर अन्याय न करता वाटले. अंकुर वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता, त्याचा चेहरा पडद्यावर असा काही झाला की समोरच्या साहेबाने तब्येत विचारली. अनिकाच्या शाळेच्या जॅकेटला वास बसला, तेव्हा वर्गातल्या एकीने तिला विचारलं, तुमच्याकडे मांजर आहे का? ती आहे म्हणाली. (आता मैत्रिणी मांजर बघायला यायचं म्हणतात, आणि आमची नात काळजीत आहे.) मला कुणी शब्दाने बोललं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त बोंबलांचा डबा गॅरेजमध्ये गाडीच्या टायरशेजारी दिसला, तेव्हा मी काय ते समजले.

तर गेल्या शुक्रवारी अंकुर लवकर घरी आला आणि म्हणाला, "आई, आज तुला स्टीमबोटला नेतो. तिथे क्लॅम्स मिळतात." क्लॅम्सपर्यंत मी पोचलेच नाही, स्टीमबोटपाशीच अडकले. दादा, बोट म्हटलं की मला अजून भाऊचा धक्का दिसतो. मे महिन्याची सुट्टी, आईने आपल्याला ट्रंकेवर बसवून "उठलात तर बघा" म्हणून दिलेला दम, माझ्या हातात हुंगायला दिलेलं लिंबू, आणि अलिबाग मागे पडायच्या आत ते लिंबू माझ्याकडून घेऊन कठड्याला टेकलेला हिरवागार तू. मग पहाटे दाभोळच्या तोंडाशी बोट उभी राहायची, खाली पडाव हिंदकळत असायचा, आणि खलाशी आपल्याला पोत्यांसारखे खाली झेलून घ्यायचे. मी म्हटलं, अंकुरने आईची हौस ओळखली. या गावाला समुद्र नाही हे मला माहीत आहे, पण तळी आहेत, आणि या लोकांचा नेम नाही, ते तळ्यातही आगबोट सोडतील. मी बुटांच्या नाड्या आवळल्या, डोक्याला मफलर गुंडाळला, पर्समध्ये एक लिंबू टाकलं आणि निघताना मळमळीची गोळी घेतली.

गाडी थांबली ती एका दुकानांच्या रांगेसमोर. एका बाजूला दाताचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला कराटेचा क्लास, मध्ये काचेचं दार आणि दारावर हसणारा शिंपला. मी अनिकाला विचारलं, पाणी कुठे आहे गं? ती म्हणाली, "आजी, दे ब्रिंग इट टू द टेबल." मग उलगडा झाला. स्टीमबोट म्हणजे टेबलाच्या पोटात शेगडी, शेगडीवर मधोमध पडदी घातलेलं पातेलं, एका कप्प्यात पांढरं पाणी आणि एका कप्प्यात लाल, आणि ते उकळायला लागलं की कच्चे मासे, कोलंब्या, पाले, शेवया, जे मागवाल ते आपणच आत टाकायचं, आपणच काढायचं आणि आपणच खायचं. म्हणजे रांधायचं घरच्यासारखं आणि बिल हॉटेलचं. अंकुर हसला. मी मफलर सोडला नाही, कारण सोडला असता तर का बांधला होता ते सांगावं लागलं असतं. शिवाय गोळीने मला पेंग यायला लागली होती.

त्या पेंगेतच पुढचा घोटाळा झाला. माझ्या खुर्चीशेजारी एक फडताळासारखं काहीतरी येऊन उभं राहिलं. मी म्हटलं, बायकांच्या पर्स ठेवायला छान सोय आहे, आणि पर्स वरच्या कप्प्यात ठेवली. फडताळाने डोळे मिचकावले, मांजरासारखं काहीतरी गुणगुणलं आणि माझी पर्स घेऊन ते मुदपाकखान्यात चालतं झालं. तो वाढपी रोबो होता. (त्याने आमच्या टेबलावर कोलंबी आणली होती, ती उचलून घ्यायची असते हे कुणी सांगायचं?) अंकुर त्याच्यामागे धावला, तर कराटेची मुलं जेवायला आली होती ती आडवी आली. पर्समध्ये माझा पासपोर्ट, चष्मा, लिंबू आणि मसाल्याची डबी. मला खरी काळजी डबीची. घरचा मसाला आहे, आणि इथलं बेचव काही पुढ्यात आलं तर असावा म्हणून चिमूटभर जवळ बाळगते.

थोड्या वेळाने आतून एक बाई आली. माझ्याच वयाची, बुटकी, कमरेला ॲप्रन, एका हातात माझी पर्स आणि दुसऱ्या हातात उघडी डबी. मी म्हटलं, आता ही विचारणार, ही कसली पूड घेऊन फिरता. पण तिने डबी नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि अनिकाला इंग्रजीत विचारलं की यात सुकं खोबरं आहे का. ती त्या हॉटेलची मालकीण, मिसेस लिम. (मी तिला लिमबाई म्हणते, तिला चालतं.) मलेशियातल्या एका खाडीकाठच्या गावची, चाळीसेक वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इकडे आलेली. मी डबी तिच्या हातातून घेतली आणि पांढऱ्या पाण्याच्या कप्प्यात रिकामी केली. हिमानी हळूच म्हणाली, "आई, इथे असं चालतं का?" लिमबाईने ते पाणी ढवळलं, चाखलं, आणि रोबोची वाट न बघता स्वतः आत जाऊन तिसऱ्यांची परात घेऊन आली.

हो, क्लॅम्स म्हणजे तिसऱ्या. मला ते त्या परातीपर्यंत कळलं नव्हतं. आकाराने आपल्याकडच्यांपेक्षा मोठ्या, अंगावर त्याच बारीक रेघा, कडेला तोच निळसर डाग. उकळत्या पाण्यात पडल्या आणि एकेक टक् टक् करून उघडायला लागल्या. मी अनिकाला सांगायला लागले, तुझी आजी असल्या तिसऱ्या चिखलातून पायाने शोधून काढायची. ती म्हणाली, "विथ युअर फीट? हाऊ?" आता हे मराठीत सांगून कळणार नाही आणि इंग्रजीत मला येत नाही. मी उठले, टेबल धरलं आणि टाच जमिनीवर टेकवून फिरवून दाखवली, आपण ओहोटीला करायचो तशी. टाचेला टणक लागलं की थांबायचं, वाकायचं, हात घालायचा. लिमबाई बघत होती. तिने हातातली पळी खाली ठेवली, माझ्यासमोर उभी राहिली आणि तीही टाच फिरवायला लागली. अगदी तशीच, दादा. आधी डावी, मग उजवी, मग अर्धं पाऊल मागे. तिच्या गावी टाचेला लागलं की म्हणायचा एक शब्द आहे, तो तिने म्हटला. मी म्हटलं, "लागली." दोन म्हाताऱ्या टेक्सासच्या फरशीवर तिसऱ्या शोधत होत्या, आणि कराटेची मुलं टाळ्या वाजवत होती, कारण त्यांना वाटलं हा नाच आहे. अंकुरने चेहरा मेनूकार्डामागे घातला होता. अनिकाने सगळं फोनमध्ये घेतलंय, ऋषीला पाठवलं आहे, त्याच्याकडून बघ.

मग मी खाली बसले आणि (गोळीमुळे असेल) बोलत सुटले. तू चिखलात मांडीपर्यंत रुतलास, भरती चढत होती, मी हात दिला तर म्हणालास, "आधी पाटी घे." मी पाटी घेतली, काठावर ठेवून आले, मग तुला ओढलं. एक चप्पल तिथेच राहिली ती अजून खाडीत आहे. आणि वहिनी लग्न होऊन आली तेव्हाचं पहिलं जेवण. घाटावरची मुलगी, तिने जन्मात तिसरी पाहिली नव्हती. आईने एकशिपी केलं होतं, तिसरीचा एका बाजूचा शिंपला तसाच ठेवून, आणि ती बिचारी शिंपल्यासकट दाताखाली धरून बसली, गिळता येईना की काढता येईना. सगळे तोंड दाबून हसत होते. तू तिचं ताट आपल्याकडे ओढलंस, एकेक मांस सोडवून तिच्या भातावर ठेवलंस आणि ताट परत सरकवलंस. त्या काळात, अण्णांच्या, म्हणजे साक्षात वडिलांच्या देखत. आत्या महिनाभर त्यावर बोलत होती. पुढे वहिनीइतकं चांगलं एकशिपी पंचक्रोशीत कुणी केलं नाही, पण ती शेवटपर्यंत पहिला घास तुझ्या हातचाच खायची.

अनिकाने ऐकून घेतलं. तिने विचारलं, "इज ही द वन हू नेव्हर कम्स?" मी म्हटलं, तोच. वहिनी गेल्यापासून तो कुठे जात नाही, आणि ऋषी सांगतो की तिसऱ्यांची पाटी घेऊन दारात बाई आली तरी तिला परत पाठवतो. "बट व्हाय?" मी म्हटलं, त्याला वाटतं इथे त्याला खायला मिळणार नाही. तिने समोरच्या शिंपल्यांच्या ढिगाकडे बघितलं आणि म्हणाली, "बट दे हॅव देम, आजी."

लाल कप्प्याविषयी लिहायचं राहिलं. त्यात एक काळा दाणा असतो, जिभेला मुंग्या आणणारा. हिमानीने मला बजावलं होतं, आई, ते सोसणार नाही. मी एक दाणा चावला आणि आपल्या आईचा बांगडा समोर उभा राहिला, तिरफळं घातलेला. हुबेहूब तिरफळ. तेव्हा तीही सोय इथे आहे. निघताना लिमबाईने माझ्या रिकाम्या डबीत ते दाणे भरून दिले आणि मी तिला लिंबू दिलं, कारण पर्समध्ये दुसरं देण्यासारखं काही नव्हतं.

ऋषीला आशीर्वाद. दुपारचं जेवण टाळू नकोस. अंकुर, हिमानी आणि अनिका नमस्कार सांगतात.

तुझी धाकटी,
नीला

ता.क. तुझ्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का वहिनीने हट्टाने मारून घेतला होता, तो अजून चालू आहे. ऋषीने पाहून सांगितलं. हिमानीची मावसबहीण प्रीता डॅलसला शिकते, ती नाताळात पुण्याला येऊन जानेवारीत परत निघणार आहे. तिच्या शेजारची जागा अंकुरने तुझ्या नावाने घेतली आहे. रागावू नकोस, तिकीट रद्द होत नाही म्हणतात. (होतं. पण हा कंस तू वाचला नाहीस असं समज.) विमान लागत नाही. बोटीसारखं मुळीच नाही.

ता.क. दुसरा. वर माझं झकास आहे असं लिहिलं, त्यात थोडी दुरुस्ती. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ती बदलायची आहे. शुक्रवारी डॉक्टरांनी तेच सांगितलं, म्हणून मुलांनी मला जेवायला नेलं. ऑपरेशन जानेवारीच्या शेवटी. डॉक्टर बाई फार चांगली आहे, हसून बोलते, रोजचंच काम असल्यासारखं. अंकुर म्हणतो, मामाला कळवू नको, तो काळजी करेल. मी म्हटलं, करू दे की, त्याला दुसरं काम काय आहे. दादा, मला भीती वाटते. मुलांसमोर दाखवत नाही. तू बाहेर बाकावर बसलेला असलास तर मी आत जाईन.

ता.क. तिसरा, आणि हे खरं. त्या तिसऱ्यांना आपल्या तिसऱ्यांची चव नव्हती. चिवट होत्या, आणि खाडीचा वास नाही तो नाहीच. लिमबाई समोर उभी होती म्हणून मी दोन बशा संपवल्या. मग तीही एक तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिली. तेव्हा चवीसाठी येऊ नकोस. नुसता ये.