भुंग्याचं पाणी

१ एप्रिल, मंगळवार

वाडगं पुन्हा पालथं. सकाळपासून तिसऱ्यांदा! आधी नाकानं ढकलतो, मग पुढचे दोन्ही पाय आत घालून उकरतो — तळाशी काही पुरलंय असं वाटावं. पाणी सगळं ओट्यावर. वाडगं पायऱ्यांवरून घरंगळत फाटकापाशी. आवाज झाला की स्वतःच दचकतो, आणि मग त्याच आवाजासाठी पुन्हा.

अडीच महिन्यांचा असेल. काळा. झोपेत गुणगुणतो म्हणून भुंग्या. बाजारतळाच्या गटारीतून उचलून आणला तेव्हा रेबेकाला म्हणालो होतो, दोनच दिवस ठेवू. आज सतरावा.

२ एप्रिल

स्टीलचं काढून जर्मलचं पातेलं ठेवलं. तारेनं ग्रिलला बांधलं. त्याला तार जास्त आवडली.

३ एप्रिल, गुरुवार

रेबेका घसरली. ओटा ओला होता. हाड शाबूत आहे — तिनंच दाबून पाहिलं. चौतीस वर्षं नर्स होती. डॉक्टर नको म्हणाली. गुडघ्याला सूज आहे.

दुपारी बर्फ लावून देत होतो तेव्हा बोलली. रागानं नाही. वॉर्डात ड्यूटी लावून द्यावी तसं.

"झावळ्यांच्या रविवारी योहान येतोय. त्याला वस्तीवर कुत्रं हवंय. तोवर ओटा कोरडा राहिला तर राहू दे ह्याला. नाहीतर देऊन टाका."

योहान तिचा धाकटा भाऊ. पुणतांब्याला उसात त्याची वस्ती. दोन वर्षांत त्याची तीन कुत्री बिबट्यानं नेली. शेवटचं तर साखळीला होतं. सकाळी नुसती साखळी सापडली, आणि पट्टा.

मी हे बोलून दाखवलं. तिनं बर्फ गुडघ्यावर जरा सरकवून घेतला. मग म्हणाली, "माझं हाड मोडलं तर तुम्ही करणार आहात का सगळं?"

तिचं बरोबर आहे. झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा, तेरा तारखेला. दहा दिवस आहेत.

४ एप्रिल

जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आलो. भुंग्या भाजीच्या पिशवीत, डोकं बाहेर. डॉक्टरबाई तरुण आहेत. म्हणाल्या, ही सगळी खोडी नाही. ऊन आहे. त्याच्या पोटाला गारवा हवा असतो, म्हणून उकरून पाणी बाहेर काढतो आणि त्यात लोळतो. खेळ आहेच, पण नुसता खेळ नाही. दोन पाणी करा — एक बसायला, एक प्यायला. प्यायचं जड भांड्यात.

निघताना म्हणाल्या, "आणि सांडलं की ओरडू नका, सर. ओरडलं की त्याला वाटतं, तुम्हीपण खेळताय."

मी पंधरा दिवस ओरडतोय. चांगली करमणूक झाली असणार त्याची.

५ एप्रिल

जुनं घमेलं शेवग्याखाली ठेवलं. चार बोटं पाणी. भुंग्यानं आधी दोन फेऱ्या घातल्या, वास घेतला, मग आत जाऊन बसला. बसूनच राहिला! सरपंच झाल्यासारखा. रेबेका खिडकीतून पाहत होती. हसली का, ते जाळीमुळे दिसलं नाही.

प्यायचं पातेलं तरी उलटलंच. पण दोनदाच.

६ एप्रिल, रविवार

उपासनेहून परतलो तर फाटकात शेजारच्या लंकाबाई. पोत्यावर दगडी डोणी ठेवून ओढत आणलेली. त्यांच्या कोंबड्या यात पाणी प्यायच्या. आता कोंबड्या नाहीत.

"सर, हिला म्हशीनं शिंग लावलं तरी हालायची न्हाई. तुमचं हे उंदराएवढं काय हालवतंय!"

मी म्हणालो, एवढं जड तुम्ही एकट्यानं कशाला ओढत आणलंत.

"तुमचे हाल बघवनात म्हनून. एवढी पोरं वळनाला लावली तुमी, अन् एक पिल्लू ऐकंना व्हय?"

आतून रेबेका म्हणाली, "पोरं तरी कुठं ऐकत होती ह्यांचं!"

दोघी हसल्या. मीही. खूप दिवसांनी तिघं एकदम हसलो. डोणी ओट्याच्या खांबाला टेकवून ठेवली. पाच तांबे पाणी मावतं.

७ एप्रिल

ओटा कोरडा.

८ एप्रिल

कोरडा! भुंग्यानं डोणीत पाय घालून पाहिले, उकरलं, दगडावर एकदा भुंकला. दगड गप्प. मग प्याला, आणि जाऊन घमेल्यात बसला. संध्याकाळी रेबेकानं त्याला भाकरीचा तुकडा टाकला. माझ्याकडे न बघता.

९ एप्रिल, बुधवार

दुपारची झोप झाल्यावर बाहेर आलो. डोणी रिकामी. ओटा पायरीपर्यंत ओला. रेबेका दारात उभी.

"बघा. म्हटलं होतं ना!"

डोणी तसूभरही हललेली नाही. पाच तांबे पाणी इवल्याशा पायांनी कसं उपसलं असेल? पण भुंग्या ओलाचिंब होता आणि शेपूट हलवत होता. याहून जास्त पुरावा कोण मागणार?

१० एप्रिल

डोणीला चीर असेल, झिरपत असेल. म्हणून पाण्याच्या रेषेवर खडूनं खूण केली. (ड्रॉवरमध्ये अजून खडू निघतात.) सकाळी आठला भरली. एकला पाहिलं — पाणी खुणेच्या बोटभर खाली. म्हणजे चीर नाही. साडेतीनला उठलो — तळ. ओटा ओला.

रेबेका म्हणाली, योहानला फोन झालाय. पिकअप घेऊन येईल. पिल्लू पोत्यात जाईल, पिंजरा नको.

मी भुंग्यावर ओरडलो. खूप जोरात. खेळ वाटावा असं त्यात काही नव्हतं बहुतेक. घमेल्यामागे जाऊन बसला, अंधार पडेपर्यंत आला नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

आज झोपलो नाही. दार लोटून घेतलं आणि फटीशी खुर्ची लावून बसलो.

दोनच्या सुमारास रेबेका मागच्या दारानं घराला वळसा घालून ओट्यावर आली. हातात तांब्या. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून वाकली. डोणीतून एक तांब्या काढला, ओट्यावर ओतला. दुसरा. तिसरा. भुंग्या धार पकडायला उड्या मारत होता, तिच्या पायांत येत होता. तिला राग नव्हता. त्याच्याशी बोलत होती, लाडानं.

"शिळं पाणी कुणी ठेवलंय रे इथं? नळ येईल आता. ताजं भरू हं आपण."

हे काही आमच्याच घरचं नाही, सगळ्या गल्लीचं आहे. नळ दिवसाआड येतो. तो यायच्या आधी बाया घरातली भांडी रिकामी करतात. कालचं ते शिळं. ओतायचं, घासायचं, ताजं भरायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून रेबेका हे करते.

पण नळ सकाळी सहाला येतो. आजही येऊन गेला होता. तिनंच भरून ठेवलं होतं सगळं.

ती आत गेल्यावर मी जाऊन डोणी पुन्हा भरली. का भरली? खात्री करायला. खात्री नको होती, तरी भरली. परत फटीशी येऊन बसलो. वीस मिनिटांनी ती आली. तोच तांब्या. तसंच वाकणं.

"शिळं पाणी कुणी ठेवलंय रे इथं?"

सूरही तोच. पहिल्यांदाच विचारत असल्यासारखा.

साडेतीनला मला हाक आली. "अहो, उठा. बघा तुमच्या लाडक्यानं काय करून ठेवलंय."

तिच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. मी नीट पाहिलं.

१२ एप्रिल, शनिवार

सांगितलं तर कुत्रा राहील. एका वाक्याचं काम.

ते वाक्य सकाळपासून मनात करून पाहतोय. मऊ करून पाहिलं, थट्टेत घालून पाहिलं. जमत नाही. चाळीस खाटांची औषधं कागद न बघता द्यायची ही बाई. कुठल्या खाटेला किती वाजता काय, सगळं तोंडपाठ. तिला हे सांगायचं. मी.

नाही सांगितलं तर उद्या भुंग्या पोत्यात. योहान स्वतः सांगतो, काठी आणि बॅटरी घेतल्याशिवाय तो मोटर चालू करायला जात नाही.

आराधनाचा फोन आला, नाशिकहून. आमची मुलगी. "आई कशी आहे?" म्हणाली. म्हणालो, गुडघ्याची सूज उतरली. खरंच उतरली आहे.

दुपारी ओट्यावरच खुर्ची टाकून बसलो. रेबेका तांब्या घेऊन आली. मला पाहून थांबली.

"झोपला नाहीत?"

"उकडतंय."

तांब्याकडे पाहिलं. डोणीकडे पाहिलं. थोडी उभी राहिली — कुठल्या खोलीत कशासाठी आलो ते आठवत नाही, तशी. मग आत गेली.

ओटा कोरडा. पण असा किती दुपारी बसणार मी?

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

योहान उपासनेलाच हजर झाला. जेवणं झाल्यावर सगळे ओट्यावर. त्यानं भुंग्याला मानेला धरून उचललं.

"दाजी, लई बारकं हाय हे. बिबट्याचं पोट तरी भरंल का ह्यात?"

कुणी हसलं नाही. मग तोच म्हणाला, "न्हाई, घरात झोपवीन की. मोठं होईस्तोवर."

रेबेका पोतं घेऊन आली. सुतळीही.

मी म्हणालो, "कुत्रा न्यायचा नाही. पाणी मी सांडतोय."

"तुम्ही?"

"दुपारी उठतो मी मधेच. शिळं आहे असं वाटतं, डोणी उपसतो. मग विसरतो. परत उपसतो."

स्वतःच्या तोंडून ऐकताना खरंच वाटलं. घाबरायलाही झालं थोडं.

योहान एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे. "आक्का, मग आता पोत्यात कुनाला घालू?"

त्याला वाटलं, हसण्यावारी जाईल. रेबेका माझ्याकडे पाहत राहिली. नाडी मोजताना पाहायची तसं. मग पोत्याची घडी घातली, घडीवर सुतळीचं रीळ ठेवलं आणि दोन्ही आत नेलं.

योहान शेवग्याच्या शेंगा घेऊन गेला. भुंग्या त्याच्या पिकअपवर फाटकापर्यंत भुंकत गेला.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी चहाचा कप ठेवताना रेबेका म्हणाली, "नगरच्या डॉक्टरांशी बोललेय. उद्या अकराला."

मी म्हणालो, मला काही झालेलं नाही.

"तुमच्यासाठी नाही. दुपारी माझा पदर ओला असतो. कशानं, ते आठवत नाही. तुमची बाही एकदाही ओली दिसली नाही. खोटं बोलायचं तर भिजवायची तरी होती."

तिनं वाकून भुंग्याच्या कानामागं खाजवलं.

"ह्याला राहू दे. दोष द्यायला घरात कुणीतरी लागेलच आता."