कावळ्याने नेलेला खर्रा

प्रिय मित्र पत्रू,

वैनगंगेच्या अलीकडून वारलूचा रामराम पोचावा. ब्रह्मपुरीच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनींना नमस्कार. इकडे सर्व ठीक, म्हणजे माझ्या तोंडात आता जेमतेम दीड बोट जातं. (चौथीत मी कविता म्हणू लागलो की मास्तर ओरडत, "वारल्या, तोंड मिट, माशी जाईल!" आता माशीला आडवं होऊन शिरावं लागेल.) डॉक्टर ऑपरेशन करतो म्हणाले, पण खर्रा सुटला तरच. (खर्रा, म्हणजे आपली ती प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू. नाव लिहितानाही तोंडाला पाणी सुटतं.) पोळ्यापासून तोंडात टाकलेला नाही.

गुडघ्यांमुळे आपल्या गोपालच्या दहाव्याला तू आला नाहीस, म्हणून कळवतो. नदीकाठी पिंड ठेवला, शेजारी वडे, खीर. कावळा पळसावर बसून मान फिरवी. ऊन चढलं. लोकांनी हात जोडून शेताची वचनं दिली, पोरीच्या लग्नाची दिली, कावळा ढिम्म. शेवटी गोपालचा सुरज म्हणाला, "बाबाले खर्रा ठेवला नाई ना, मनून रुसले." अरे, ज्याच्या गालाला खर्र्यानंच भोक पाडलं, त्याच्यापुढे खर्रा! पण निम्म्या खिशांतून पन्न्या निघाल्या. एक ठेवताच कावळा उतरला आणि वड्याकडे न बघता पन्नी उचलून उडाला. लोकांनी डोळे पुसले, मीही पुसले. पण खरं सांगू? त्या घटकेला मी गोपालसाठी रडत नव्हतो, मला कावळ्याचा हेवा वाटत होता.

नात दिव्यानी गडचिरोलीला जीवशास्त्र शिकते. तिला विचारलं, "पोरी, इतके महिने झाले, मले अजून काऊन तलफ येते?" म्हणाली, "आबाजी, मेंदूच्या पेशीतले जीन तेच राह्यते. पण कोणता चालू अन् कोणता बंद, हे तंबाखूनं बदलवून टाकलं. सोडल्यावरबी लवकर जागेवर येत नाई." मी माझ्यापुरतं समजून घेतलं, की प्रत्येक पेशीत शाळेचं तेच पुस्तक आहे, फक्त खर्र्यानं एका पानाचा कोपरा मुडपून ठेवलाय. कुठूनही उघडा, तेच पान उघडतं. त्याच पुस्तकात आपल्या पाखरांच्या, ओढ्याच्या कविताही असतील, पण हल्ली दुसरं कडवं आठवत नाही. विचारलं, "कवितेचं पान मुडपता येते का वं?" तिनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "जुनी जागा, जुना सोबती दिसला का तलफ उसळते. तेवढं सांभाळा."

बाकी क्षेम. तोंड उघडलं की सगळ्या कविता म्हणून दाखवीन, आठवतील तेवढ्या.

तुझा बालमित्र,
वारलू

ता. क. : या वर्षी मार्कंड्याच्या यात्रेला जाताना माझ्याकडे उतरू नकोस. रागावू नको. जन्मभर एका पन्नीतला खर्रा आपण अर्धा-अर्धा खाल्ला. त्या मुडपलेल्या पानावर चित्र तुझंच आहे.

आणखी एक : तुझी एसटी आमच्या फाट्यावर थांबतेच. कोणत्या गाडीनं जातोस ते कळव आणि खिडकीशी बस. मी रस्त्याच्या पलीकडून पाहीन. हात मात्र हलवू नको. हलवलास तर मी गाडीत चढेन.